स्प्रेडशीट : नेम्ड रेंज आणि सेलचे संरक्षण

स्प्रेडशीटमधील एखादा सेल, सेलचा पट्टा किंवा एखादी स्थिर किंमत यांना दिलेल्या नावाला नेम्ड रेंज म्हणतात. ठरावीक सेलमध्ये कोणी फेरफार करू नये म्हणून त्यांना कुलूप घालण्याची जी सोय असते, ती सेलचे संरक्षण. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रे ऑफिस कॅल्क या तिन्हींत दोन्ही सोयी आहेत. एकाने शीट तयार करायची आणि ती भरायची दुसऱ्यानेच, अशा ठिकाणी त्यांची खरी गरज पडते.

डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या १९७९ च्या व्हिजिकॅल्कपासून सेलचा पत्ता कॉलमचे अक्षर आणि ओळीचा क्रमांक असाच लिहिला जातो. हा पत्ता यंत्राच्या सोयीचा आहे. माणसाला त्यातून काहीच कळत नाही. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ मध्ये रेंजला नाव देण्याची आणि सेल संरक्षित करण्याची, अशा दोन्ही आज्ञा होत्या. पुढे एक्सेलने त्याच कल्पना वाढवल्या.

गृहनिर्माण सोसायटीच्या हिशेबात थकबाकीवरील व्याजाचा फॉर्म्युला ‘=डी७*$एच$२/१२’ असा असेल, तर नव्या खजिनदाराला आधी एच२ मध्ये काय आहे ते शोधावे लागते. तोच फॉर्म्युला ‘=डी७*व्याजदर/१२’ असा असेल तर विचारायलाच नको. सभेने दर बदलला की एकच सेल बदलायचा. नाव देण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे सेल निवडून फॉर्म्युला बारच्या डावीकडील चौकटीत ते टाइप करून एंटर दाबणे. एक्सेलमध्ये सगळ्या नावांची यादी कंट्रोल व एफ३ या कळांनी उघडते. गूगल शीट्समध्ये ती डेटा या मेनूत सापडते.

नावात मोकळी जागा चालत नाही, पहिले चिन्ह अंक असून भागत नाही, आणि नाव सेलच्या पत्त्यासारखे दिसता कामा नये. हा शेवटचा नियम भारतीय वापरकर्त्याला हमखास अडवतो. एक्सेलमध्ये २००७ पासून १६,३८४ कॉलम आहेत. त्यामुळे रोमन लिपीतली तीन अक्षरे आणि पुढे आकडा अशी बहुतेक नावे कोणत्या तरी सेलचे पत्तेच ठरतात. कराच्या दराला ‘जीएसटी१८’ असे नाव रोमन लिपीत द्यायला जावे, तर एक्सेल ते नाकारते, कारण त्या नावाचा कॉलम खरोखरच आहे. ‘सीजीएसटी९’ किंवा ‘आयजीएसटी१८’ मात्र बिनतक्रार चालते, कारण चार अक्षरांचा कॉलम नसतो. तसेही दराचा आकडा नावात गुंफणे शहाणपणाचे नाही. उद्या दर बदलला की नाव खोटे पडते.

प्रत्येक नावाला स्वतःचा आवाका असतो. ते संपूर्ण वर्कबुकला लागू असते किंवा एकाच शीटपुरते. एप्रिलच्या शीटची प्रत काढून मे महिन्याची शीट केली, की एक्सेल मूळ शीटवरील रेंजची वर्कबुकभर चालणारी नावे नव्या शीटपुरती पुन्हा तयार करते. मग एकाच नावाच्या दोन रेंज नांदू लागतात, आणि शीटपुरते नाव त्या शीटवर वरचढ ठरते. बेरीज चुकते, पण इशारा मिळत नाही. नाव पुसले गेले तर निदान फॉर्म्युल्यात त्रुटी तरी दिसते.

रेंजच्या मध्ये ओळ घातली तर रेंज आपोआप वाढते. शेवटच्या ओळीखाली नोंद केली तर वाढत नाही. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्ज व आर्थिक वाढ यांवरील २०१० चा लेख जगभर गाजला. तीन वर्षांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाइल तपासली, तेव्हा सरासरीचा फॉर्म्युला एल३० ते एल४४ इथेच थांबलेला आढळला. नोंदी एल४९ पर्यंत होत्या, म्हणजे पाच देश हिशेबातून सुटले होते. निष्कर्षातील मोठा फरक इतर कारणांनी पडला होता, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही चूक. देशांच्या पट्ट्याला एकदाच नाव देऊन तेच सगळीकडे वापरले असते, तर तपासायची जागा एकच उरली असती. मात्र ते नावही एल४४ पर्यंतच दिलेले असते, तर तीच चूक अधिक सभ्य दिसली असती. ही शंका निराधार नाही. रूथ मॅकीव्हर, केव्हिन मॅकडेड व ब्रायन बिशप यांनी २००९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, नेम्ड रेंज असलेल्या शीटमधील चुका शोधताना नवख्यांची कामगिरी सुधारण्याऐवजी खालावल्याचे दिसले. वाढत्या यादीसाठी साध्या रेंजपेक्षा एक्सेलचे टेबल बरे. नवी ओळ ते स्वतःच सामावून घेते.

संरक्षणाची रीत पहिल्यांदा उलटी वाटते. एक्सेलमध्ये प्रत्येक सेल मुळातच लॉक असतो, पण शीट संरक्षित करेपर्यंत त्या लॉकला काही अर्थ नसतो. म्हणून जे सेल इतरांनी भरायचे आहेत ते आधी अनलॉक करायचे आणि मग रिव्ह्यू टॅबमधून शीट संरक्षित करायची. हा क्रम चुकला की सगळी शीटच बंद होते. अनलॉक केलेल्या सेलना फिकट रंग दिला तर भरणाऱ्याला कुठे लिहायचे ते सांगावे लागत नाही, आणि टॅब दाबले की कर्सरही एका मोकळ्या सेलवरून दुसऱ्यावर जातो. प्राप्तिकर विवरणपत्राची एक्सेल युटिलिटी वापरलेल्यांना हा अनुभव असतो : नेमून दिलेले सेल सोडून दुसरीकडे कुठे लिहूच देत नाहीत.

संरक्षणाची किंमतही मोजावी लागते. सॉर्ट करण्याची मुभा दिली तरी त्या पट्ट्यात एक जरी लॉक सेल असेल तर सॉर्ट होत नाही. शीट संरक्षित केली की टेबलाचे आपोआप वाढणेही थांबते. म्हणजे वर ज्या गुणासाठी टेबल निवडले, तोच गुण कुलपाने जातो. म्हणून नोंदी एका शीटवर मोकळ्या ठेवून दर व फॉर्म्युले दुसऱ्या, संरक्षित शीटवर ठेवणे सोयीचे पडते. गूगल शीट्समध्ये पासवर्ड नसतो. कोणता पट्टा कोणी बदलायचा हे खात्यांनुसार ठरते, किंवा बदल करताना नुसती सूचना दाखवण्याचा पर्याय असतो. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यासाठी बहुधा तेवढी सूचना पुरते.

हे कुलूप हात चुकू नये म्हणून आहे, चोरासाठी नव्हे. एक्सेल २०१० पर्यंत शीटच्या पासवर्डचा अवघा १६ बिटांचा ठसा साठवला जाई, त्यामुळे मूळ पासवर्डाऐवजी तोच ठसा देणारी भलतीच अक्षरेही चालत. २०१३ पासून ही पद्धत पुष्कळ बळकट झाली, पण फाइल ही आतून झिप केलेल्या मजकुराच्या फाइलींची पिशवीच असल्याने संरक्षणाची ओळ खोडणे जाणकाराला अवघड नाही. शीट लपवणे त्याहून कच्चे. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहितीच्या अधिकाराखाली दिलेल्या उत्तरात एक नजरेआड शीट राहून गेली आणि सुमारे साडेनऊ हजार अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे व नेमणुका उघड झाल्या. माहिती गुप्त ठेवायची असेल तर ती फाइलमधून काढून टाकावी, नाहीतर फाइल उघडण्यालाच पासवर्ड लावून ती कूटबद्ध करावी. हा दुसरा पासवर्ड मात्र विसरून चालत नाही. तो मायक्रोसॉफ्टलाही परत मिळवून देता येत नाही.