जुनी दुनळी आणि नवें काडतूस



जें काडतूस बंदुकींत शिरतच नाहीं, त्यापासून कोणासही भय नसतें. भय असतें तें सहज बसणाऱ्या काडतुसाचें. ‘बसलें म्हणजे चालेल’ हा समज वरवर निरुपद्रवी दिसतो. परंतु जुन्या दुनळीच्या बाबतींत तो हाताच्या बोटांवर आणि डोळ्यांवर बेततो. या समजाविरुद्ध इंग्लंडांतील कारागिरांनीं आणि कायद्यानें कोणती तजवीज केली, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

ठासणीच्या बंदुकींत काडतुसाचा प्रश्नच नव्हता. दारू, बोळा आणि छर्रे तोंडाकडून ठासावयाचे, एवढेंच काम. मात्र नळी कच्ची असली तर ती बार काढणाराच्याच हातांत फुटे. म्हणून १६३७ सालीं राजाची सनद मिळालेल्या लंडनच्या बंदूककारांच्या संघानें नळ्यांची परीक्षा घेण्याचा प्रघात पाडला. नेहमींपेक्षां जड बार भरून नळी उडवावयाची, आणि ती टिकली तरच तिच्यावर छाप मारावयाचा, अशी ही रीत. बर्मिंगहॅम येथें १८१३ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें असेंच परीक्षागृह निघालें. तो छाप म्हणजे शोभेची नक्षी नव्हे. अमुक इतका दाब ही नळी सोसते, याची ती साक्ष आहे.

पुढें फ्रेंच कारागीर लफोशे याची मागून भरावयाची बंदूक १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनांत मांडली गेली, आणि इंग्रज कारागिरांनीं हळूहळू ती पद्धत उचलली. आतां नळीच्या मागच्या टोंकास काडतुसासाठीं एक कोठी कोरावी लागली. ही कोठी पुढें नरसाळ्यासारखी निमुळती होऊन नळीस मिळते. आपल्या विषयाचें सारें मर्म या नरसाळ्यांत आहे.

त्याच सुमारास दारूही पालटली. काळ्या दारूचें माप ड्रॅममध्यें असे. बारा बोअरच्या बंदुकीस तीन ड्रॅम, म्हणजे सुमारें ८२ ग्रेन, हा नेहमींचा बार. प्रशियाचा अधिकारी शुल्ट्झ यानें १८६० नंतरच्या दशकांत काढलेली लाकडाची दारू काळ्या दारूच्याच मापानें भरतां येई. पण १८८७ सालीं नोबेलनें बॅलिस्टाइट काढलें. या घट्ट जातीच्या दारूचा बार वजनानें निम्म्याहूनही कमी लागतो. ती जुन्या मापानें, भांडें भरून घातली, तर कित्येक पट शक्ति एका क्षणांत मोकळी होते. म्हणून १८९६ च्या नियमांनीं धूररहित दारूची निराळी परीक्षा आणि निराळा छाप ठरविला. तो छाप ज्या नळीवर नाहीं, तिला आजचें काडतूस वर्ज्य समजावें. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या, लाटांच्या नक्षीच्या नळ्यांविषयीं तर विशेष जपावें. जोडांत लपलेला गंज किंवा दोष वरून दिसत नाहीं.

आतां लांबीचा प्रश्न. जुन्या इंग्रजी बंदुकांची कोठी बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर असते. कांहीं हलक्या बंदुकांची दोनच इंच. आजचें सर्वत्र मिळणारें काडतूस पावणेतीन इंचांचें, म्हणजे ७० मिलिमीटरचें. मौज अशी कीं, काडतुसाची ही लांबी बार उडून तोंड उलगडल्यानंतरची असते. तोंड दुमडलेलें असतां तेंच काडतूस बरेंच आंखूड असतें, आणि म्हणूनच आंखूड कोठींत निर्धास्त बसतें. चाप ओढतांच त्याचें तोंड पुढें उलगडूं पाहतें; पण तेथें कोठी संपून नरसाळें सुरू झालेलें असतें. छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि मागें दाब चढतो. त्यांतच आधुनिक काडतूस मुळांत अधिक दाबाचें असेल, तर जुन्या नळीवर दुहेरी संकट. नळी पहिल्याच बारास फुटेल असें नाहीं, आणि हीच फसवणूक आहे. दहा बार सुखरूप गेले म्हणजे अकरावाही जाईल, असा त्याचा अर्थ नव्हे.

१९२५ च्या नियमांपासून कोठीची लांबीही नळीखालीं कोरली जाऊं लागली. तरी नुसती मोजपट्टी पुरत नाहीं. साडेसदुसष्ट मिलिमीटरचीं कांहीं काडतुसें अडीच इंची कोठीसाठींच, बेताच्या दाबानें भरलेलीं असतात. निर्णय करावा तो डब्यावर छापलेल्या मजकुरावरून. उलट, कोणी ‘कोठी खोल करून देतों’ म्हणाला, तर कोरल्यानें नळीची भिंत पातळ होते आणि जुन्या छापाची साक्ष संपते, हें ध्यानांत ठेवावें. अशी बंदूक पुन्हां परीक्षागृहांतूनच जावयास हवी.

आणखी दोन गोष्टी. वीस बोअरचें काडतूस बारा बोअरच्या कोठींतून पुढें सरकून नळींत अडकतें. कोठी रिकामी दिसते, आणि मागून बाराचें काडतूस घालून चाप ओढला तर नळी फाटते. दुसरी गोष्ट पोलादी छर्ऱ्यांची. पाणपक्ष्यांना शिशाचें विष बाधतें म्हणून अमेरिकेनें १९९१ पर्यंत त्यांच्या शिकारींतून शिशाचे छर्रे हटविले आणि पोलादी छर्रे आले. शिसें दबतें, पोलाद दबत नाहीं. जुन्या, तोंडाशीं आवळलेल्या नळीस तें फुगवूं शकतें. बिस्मथचे मऊ छर्रे तिला मानवतात, पण दाब आणि लांबी तेथेंही पाहावीच लागते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचा काळ संपविला. तरी आजोबांची विलायती दुनळी परवान्यासह कांहीं घरांत अजून जपलेली आहे. ती वडिलोपार्जित ठेव म्हणून अवश्य जपावी. पण तिच्यांत काडतूस घालण्याचा विचार मनांत आलाच, तर आधीं परवानाधारक जाणत्या कारागिराकडून नळ्या उतरवून खालचे छाप वाचून घ्यावेत, कोठी मोजवावी आणि नळीची भिंत तपासवावी. छाप पुसट असले किंवा शंका उरली, तर बार काढूं नये. त्या लहानशा अक्षरांत एका अनोळखी परीक्षकानें आपल्या बोटांची काळजी वाहून ठेविली आहे. ती वाचण्याइतकी सवड आपण काढावी.