अंगण खरोखरच वांकडें असतें तेव्हां

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं इतकी बसलेली आहे कीं, हत्याराला दोष देणारा कारागीर दिसला म्हणजे ती आपोआप ओठांवर येते. पटाशीला नांवें ठेवणाऱ्या सुताराकडे किंवा टांकावर राग काढणाऱ्या कारकुनाकडे जग हंसूनच पाहतें. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक व्यवसाय असा उदयास आला कीं, त्याच्या इतिहासांत या म्हणीचा अनुभव उलटाच आला. तो व्यवसाय म्हणजे संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिण्याचा. तेथें अंगणाला वांकडें म्हणणारे लोक उत्तम नाचणारे होते. इतकेंच नव्हे, तर ज्यानें एक अंगण स्वतः सारवलें होतें, त्यानेंच पुढें तें वांकडें असल्याचें भरसभेंत सांगितलें.

हा व्यवसाय आरंभीं कसा चालत असे, हें ध्यानांत घेतल्यावांचून पुढील वाद समजणार नाहीं. १९५० च्या आसपासच्या संगणकाला अंकांपलीकडची भाषा कळत नसे. दोन संख्यांची बेरीज करावयाची झाली, तरी त्या संख्या यंत्राच्या स्मृतीच्या कोणत्या कप्प्यांत आहेत आणि उत्तर कोणत्या कप्प्यांत ठेवावयाचें, हें क्रमांकानिशीं सांगावें लागे. मध्येंच एखादी आज्ञा राहून गेल्याचें आढळलें, तर पुढच्या आज्ञांच्या जागा सरकत, आणि त्यांचे उल्लेख जेथें जेथें आले असतील तेथें तेथें दुरुस्ती करावी लागे. ही विद्या थोड्यांना साधे. आणि ज्यांना साधे, त्यांना तिचा अभिमान असे. दहा आज्ञांचें काम आठांत उरकणें यांतच कौशल्याची कसोटी मानली जाई. यंत्राचा क्षण मोलाचा आणि माणसाचा दिवस फुकटचा, हें तत्त्व कोणी लिहून ठेवलें नव्हतें; पण सर्व व्यवहार त्यावरच चाले.

या व्यवहाराविरुद्ध आरंभीं आवाज उठविणाऱ्यांत ग्रेस हॉपर यांची गणना होते. गणिताच्या अध्यापिका असलेल्या या विदुषी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेच्या नौदलांत दाखल झाल्या आणि तेथून संगणकाकडे वळल्या. वारंवार लागणारे आज्ञांचे तुकडे यंत्रानेंच निवडून एकत्र जुळवावेत, अशी योजना त्यांनीं १९५२ सालीं ‘ए-झीरो’ या नांवानें सिद्ध करून दाखविली. तथापि संगणक केवळ आंकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम तयार करूं शकत नाहीं, हेंच उत्तर त्यांना बरेच दिवस ऐकावें लागलें.

पुढचें मोठें पाऊल आयबीएम कंपनींतील जॉन बॅकस यांनीं टाकलें. १९५३ च्या अखेरीस त्यांनीं आपल्या वरिष्ठांपुढें नव्या भाषेचा प्रस्ताव मांडला. त्याच्या मुळाशीं साधा हिशेब होता. संगणक चालविण्याच्या खर्चापैकीं तीन-चतुर्थांशापर्यंत खर्च प्रोग्रॅम लिहिण्यांत आणि त्यांतील चुका शोधण्यांत जात होता. माणूस फुकटचा नव्हता, हें या हिशेबानें उघड केलें. गणिती सूत्र कागदावर लिहितात तसेंच लिहावें, आणि त्याचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर यंत्रानें करावें, ही बॅकस यांची कल्पना. याच भाषेचें नांव फोरट्रान. काम सहा महिन्यांत पुरें होईल असें वारंवार सांगण्यांत येई. प्रत्यक्षांत आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठीं तें १९५७ च्या एप्रिलमध्यें बाहेर पडलें.

जुन्या जाणत्यांचा या उद्योगावर विश्वास नव्हता. यंत्रानें केलेलें भाषांतर अनुभवी माणसाच्या हातच्या कामाची बरोबरी करील, ही गोष्ट त्यांना अशक्य वाटे. पुढें बॅकस यांनीं या मंडळींची तुलना मंत्र गुप्त राखणाऱ्या पुरोहितांशीं केली. मात्र त्यांची शंका केवळ मत्सराची होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यापूर्वींचे अशा तऱ्हेचे बरेच प्रयोग खरोखरच मंद होते. म्हणूनच बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपली सारी बुद्धि भाषा सजविण्यापेक्षां भाषांतर वेगवान करण्यांत खर्च केली. त्या भाषांतरानें काढलेल्या आज्ञा कधीं कधीं इतक्या अनपेक्षित असत कीं, त्यांच्या निर्मात्यांनाच प्रथम ती चूक वाटे, आणि मग विचारांतीं ती बरोबर असल्याचें आढळे. १९५८ च्या एप्रिलमध्यें ७०४ यंत्र वापरणाऱ्या २६ ठिकाणीं पाहणी झाली, तेव्हां त्यांपैकीं निम्म्याहून अधिक ठिकाणीं निम्म्याहून अधिक काम फोरट्रानमध्यें होत असल्याचें दिसलें. १९६४ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हां आपल्याकडील संशोधकहि सूत्रें याच भाषेंत लिहूं लागले.

येथें वाद संपावा. परंतु तो येथूनच खरा सुरू झाला. एड्सगर डाइकस्ट्रा हे हॉलंडमधील पहिल्या प्रोग्रॅमरांपैकीं एक. १९५७ सालीं ॲमस्टरडॅममध्यें विवाहनोंदणीच्या वेळीं त्यांनीं आपला व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ असा सांगितला, तेव्हां असा व्यवसाय नाहीं म्हणून तो नोंदवून घेण्यांत आला नाहीं, ही हकीकत त्यांनींच पुढें सांगितली. मतें तिखट आणि लेखणी त्याहून तिखट, अशी त्यांची ख्याति होती. यंत्रासाठीं आयुष्य वाहिलेला हा गृहस्थ आपले लेख मात्र शाईच्या पेनानें, सुवाच्य अक्षरांत लिहीत असे. १९७५ सालच्या एका टिपणांत तर कोबोल ही भाषा शिकविणें हा गुन्हाच समजावा, असें मत त्यांनीं नोंदविलें.

त्यांचा सर्वांत गाजलेला हल्ला मार्च १९६८ मधला. प्रोग्रॅम चालतां चालतां ‘येथून अमुक ठिकाणीं जा’ असें सांगणारी ‘गो टू’ नांवाची आज्ञा त्या काळीं सर्रास वापरली जाई. ही आज्ञा घातक आहे, असें प्रतिपादन करणारें त्यांचें पत्र अमेरिकेंतील एका शास्त्रीय मासिकांत प्रसिद्ध झालें. त्याचा तो प्रसिद्ध, झणझणीत मथळा मात्र संपादक निकलाउस विर्थ यांनीं दिलेला होता. पत्रांतील युक्तिवाद यंत्रासंबंधीं नसून माणसासंबंधीं होता. माणसाचें मन स्थिर रचना चांगली जाणतें. काळाच्या ओघांत बदलत जाणारी क्रिया डोळ्यांपुढें आणणें त्याला कठीण जातें. म्हणून कागदावरचा क्रम आणि प्रत्यक्ष घडणारा क्रम यांतील अंतर कमी असावें. पोथींतील चौथ्या पानावरून चाळिसाव्यावर, तेथून नवव्यावर आणि पुन्हां चौथ्यावर जावयास सांगितलें, तर वाचणारा कितीहि विद्वान असो, कथेचा धागा त्याच्या हातून सुटणारच. येथें अंगण वांकडें म्हणणारा मनुष्य स्वतःच्या पायांची मर्यादा लपवीत नव्हता. उलट सर्वांच्याच पायांना तशी मर्यादा आहे, हें तो प्रथम कबूल करीत होता.

या मताला उत्तरहि तोलामोलाचें मिळालें. १९७४ सालीं डॉनल्ड कनूथ यांनीं विस्तृत लेख लिहून ‘गो टू’ कोठें टाळावी आणि कोठें तिचा उपयोग इष्ट आहे, हें उदाहरणांनीं दाखविलें. तरीहि वादाची दिशा बदलली होती. यंत्राला काय सोपें, या प्रश्नाच्या शेजारीं माणसाला काय समजतें, हा प्रश्न आतां येऊन बसला होता.

सर्वांत नाट्यमय प्रसंग घडला तो १९७७ सालीं. संगणकशास्त्रांतील मानाचें ट्युरिंग पारितोषिक बॅकस यांना मिळालें, तें मुख्यतः फोरट्रानसारख्या कार्याबद्दल. त्या प्रसंगीच्या व्याख्यानांत त्यांनीं फोरट्रानच्या घराण्यांतील सर्व रूढ भाषांवरच टीका केली. स्मृति आणि गणना करणारा भाग यांच्यामधून एका वेळीं एकच शब्द जाऊं शकतो, ही यंत्राची अरुंद वाट आहे. आपल्या भाषांनीं ती वाट माणसाच्या विचारांतहि आणून ठेवली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या कार्याबद्दल सत्कार, त्याच कार्यांतील उणीव सत्काराच्या दिवशीं उघड करणें, यास असामान्य धैर्य लागतें.

टोनी होअर यांनींहि अशीच कबुली दिली. १९६५ सालीं एका भाषेची रचना करतांना त्यांनीं, कोठेंच न पोहोंचविणारा रिकामा पत्ता लिहिण्याची सोय ठेवली. कारण ती करून देणें फार सोपें होतें. अशा पत्त्याचा माग काढावयास गेलेले प्रोग्रॅम पुढें अगणित वेळां कोसळले. २००९ सालीं लंडन येथें होअर यांनीं ती आपली अब्जावधि डॉलरांची चूक म्हणून जाहीर केली आणि क्षमा मागितली.

ही म्हण खोटी आहे असें यावरून ठरत नाहीं. स्वतःचें अज्ञान झांकण्यासाठीं हत्याराला दोष देणारे या व्यवसायांतहि पुष्कळ आहेत. परंतु नाचून थकलेला, किंवा अंगण स्वतः सारवलेला मनुष्य जेव्हां बोलतो, तेव्हां जमिनीकडे एकदां निरखून पाहावें, हें शहाणपणाचें. बॅकस २००७ सालीं निवर्तले. त्यांनीं सुचविलेली नवी पद्धति लोकांनीं जशीच्या तशी उचलली नाहीं. आणि ज्या फोरट्रानचे दोष त्यांनीं सांगितले, त्या भाषेंत हवामानाची गणितें आजहि मांडलीं जातात. अंगण वांकडें ठरलें, तें तसें आहे हें सारवणाऱ्यानेंच सांगितलें. परंतु तोंपर्यंत नाचणाऱ्यांच्या पायांना त्याच उताराची संवय होऊन गेली होती.