शून्य नंबरचे कार्ड कुणाचे?

मुघल नाण्यांवर जुलूस सन असतो, म्हणजे बादशहा तख्तावर बसल्यापासून मोजलेले वर्ष. पहिल्या वर्षासाठी ‘अहद’ लिहीत. नुसत्या ‘अहद’वरून नाणे कुणाचे ते कळत नाही. पहिले वर्ष प्रत्येकच बादशहाचे असते.

हा धडा मला एका संस्थेच्या क्लस्टरवर पुन्हा मिळाला. जुन्या दस्तऐवजांची अक्षरे ओळखणारे मॉडेल मी शिकवत होतो. काही जॉब नीट संपत, काही मध्येच मरत. आठवडाभर मी माझ्याच कोडला दोष देत बसलो. शेवटी तिथल्या इंजिनिअरला विचारले.

“कोणत्या कार्डावर?”

“शून्य.”

ते हसले. “साहेब, इथे सगळ्यांचेच कार्ड शून्य!”

कार्डांची वाटणी स्लर्म करते. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२च्या सुमारास ते सुरू झाले. सीग्रुपचे कुंपण असेल तर जॉबला फक्त आपल्या वाट्याचे कार्ड दिसते आणि मोजणी शून्यापासून होते. नोडवर ते पाचवे का असेना. कुंपण नसेल तरी घोळ आहेच. कूडा मुळात वेगवान कार्ड आधी मोजते, तर एनव्हिडिया-एसएमआय पीसीआय बसच्या क्रमाने.

कायम राहतो तो कार्डाचा यूयूआयडी. जॉबच्या आरंभीच नोडचे नाव आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ला ‘एल’ पर्याय देऊन मिळणारी यादी लॉगमध्ये लिहू लागलो. मेलेल्या सगळ्या जॉबांचा यूयूआयडी एकच निघाला. ते कार्ड काढले गेले.

नाण्यावर आपण टांकसाळ आणि हिजरी सनही पाहतो. लॉगमध्येही तेच पाहावे.