व्हॉल्व्हचा तुकडा आणि एक गाळलेले नाव

आत्मचरित्र इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे, हा प्रश्न आपण साहित्याच्या वर्गात नेहमी चर्चितो. तोच प्रश्न यंत्रांच्या इतिहासाला विचारला तर काय हाती लागते, हे पाहण्यासारखे आहे.

हेन्री फोर्ड यांचे 'माय लाइफ अँड वर्क' हे आत्मचरित्र सॅम्युअल क्रॉदर यांच्या सहकार्याने १९२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात १९०५ सालचा एक प्रसंग येतो. पाम बीच येथील शर्यतीत एका फ्रेंच मोटारीचा चक्काचूर झाला. अवशेषांतून फोर्ड यांनी व्हॉल्व्हचा एक लहानसा तुकडा उचलला. तो विलक्षण हलका आणि चिवट होता. तपासणीअंती त्याच्या पोलादात व्हॅनेडियम आढळले. १९०८ साली अवतरलेल्या 'मॉडेल टी'च्या पोलादाची ही जन्मकथा.

एवढ्याशा तुकड्याला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी इंजिनात डोकवावे लागते. व्हॉल्व्ह उघडतो कॅमच्या रेट्याने आणि मिटतो स्प्रिंगच्या जोराने. इंजिन मिनिटाला १६०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह ८०० वेळा उघडतो. तासाला ४८ हजार वेळा. व्हॉल्व्ह जड असला की स्प्रिंगही तितकीच ताठ हवी. शिवाय जो भार धातू एकदा सहज पेलतो, तोच लाखो वेळा पडला तर त्याला तडा जाऊ शकतो. रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून जर्मन अभियंता व्होलर याने एकोणिसाव्या शतकातच हे दाखवून दिले होते.

मग स्वस्त पोलाद कोणते? फोर्ड यांच्या आकड्यांनुसार साध्या पोलादाची ताणशक्ती ६० ते ७० हजार पौंड, तर व्हॅनेडियममिश्रित पोलादाची १ लाख ७० हजार. वजनाच्या भावाने दुसरे महाग. परंतु ते कमी लागते आणि अधिक टिकते. तथापि ते सरसकट वापरणे हाही अपव्ययच. कोणत्या भागाला कठीण, कोणत्याला चिवट आणि कोणत्याला लवचिक पोलाद हवे, याची चाचणी घेण्यात आली. पूर्वी चारच प्रकारांवर भागत असे. पुढे वीस प्रकार आले आणि त्यांतील सुमारे दहाच व्हॅनेडियमचे होते. खरी काटकसर या निवडीत होती. ८५० डॉलरची मोटार १९१६ पर्यंत ३६० डॉलरवर आली, त्याचे मुख्य श्रेय मात्र प्रचंड उत्पादनाला आणि १९१३ च्या सरकत्या जुळणीपट्ट्याला द्यावे लागेल.

आता पुन्हा त्या प्रसंगाकडे वळू. हे कथन घटनेनंतर सतरा वर्षांनी झालेले आहे. त्या काळी फ्लोरिडातील मोटारींच्या गाजलेल्या शर्यती ऑर्मंड-डेटोनाच्या वाळूवर होत. पाम बीच तेथून बरेच दक्षिणेला. भागाचे नावही संहितेत असे काही दिले आहे की तो नेमका कोणता, याचा उलगडा होत नाही. आणि पुढे एक वाक्य येते: हे पोलाद व्यापारी प्रमाणावर बनवू जाणणाऱ्या एका माणसाला इंग्लंडहून बोलावले. तो 'एक माणूस' म्हणजे धातुतज्ज्ञ जे. केंट स्मिथ. ओहायोतील कँटनच्या कारखान्यात भट्टी पुरेशी तापेना, पहिला घाणा वाया गेला, दुसरा साधला. हे सर्व कथेत आहे. त्या माणसाचे नाव तेवढे नाही.

कथेला तुकडा सापडणे आवडते, चाचण्यांची वही आवडत नाही. शाकुंतलातील अंगठी सापडते आणि राजाला विसरलेली व्यक्ती आठवते. येथे व्हॉल्व्हचा तुकडा सापडतो आणि वाचकाला एका माणसाचा विसर पडतो. प्रसंग खोटा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु संहितेत कोणाला नाव मिळाले आणि कोणाला नाही, हे तपासण्याची सवय आपल्याला कादंबरीने लावली आहे. ती उद्योगपतींच्या आठवणी वाचतानाही सोडू नये.