तारकामय युद्ध : एका कल्पित इतिहासाचा विचार

इतिहास म्हणजे घडलेल्या गोष्टींचा वृत्तांत, हें सर्वांस मान्य आहे. परंतु न घडलेल्या गोष्टीलाहि कधीं कधीं इतिहास असतो, हें आमच्या ध्यानांत एका सायंकाळीं आलें. २१ डिसेंबर २०२० रोजीं पाटोद्याच्या माळावर आम्ही कांहीं मंडळी पश्चिमेकडे तोंड करून उभे होतों. गुरु व शनि त्या दिवशीं इतके जवळ आले होते कीं, त्यांमध्यें अंशाच्या दहाव्या भागाएवढेंच अंतर भासत होतें. आमच्याबरोबरच्या एका वृद्ध गृहस्थांनीं बराच वेळ न्याहाळून विचारलें, "सर, यांत जिंकला कोण?" त्यांचा नातू महाविद्यालयांत शिकणारा, त्याचा प्रश्न निराळा होता. "पुराणांतलें ताऱ्यांचें युद्ध नेमकें कोणत्या सालीं झालें?" दोन्ही प्रश्न हसण्यावारीं नेण्यासारखे नव्हते.

नातवाच्या मनांत होती ती कथा विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशांत व भागवताच्या नवव्या स्कंधांत आली आहे. अत्रिपुत्र सोमानें राजसूय यज्ञ केला आणि ऐश्वर्याच्या मदानें देवगुरु बृहस्पतीची पत्नी तारा हिचें हरण केलें. बृहस्पतीनें वारंवार मागणें केलें, तरी तो तिला सोडीना. बृहस्पतीचा द्वेष करणारा शुक्र असुरांसह सोमास मिळाला. रुद्रानें बृहस्पतीच्या पित्यापाशीं, अंगिरसापाशीं, विद्या घेतलेली. म्हणून तो बृहस्पतीच्या पाठीशीं उभा राहिला, आणि इंद्राचें सैन्यहि त्याच बाजूस आलें. तारेकरितां झालें म्हणून तें 'तारकामय' युद्ध. अखेर भयभीत झालेलें जग ब्रह्मदेवास शरण गेलें. त्यानें दोन्ही पक्षांस आवरलें व तारा बृहस्पतीस परत देवविली.

या युद्धांतील सोम, बृहस्पति आणि शुक्र हीं नांवें आकाशांतील ज्योतींचींहि आहेत. आपल्या जुन्या ज्योतिषांत दोन ग्रह अगदीं जवळ आले म्हणजे त्यास 'ग्रहयुद्ध' असेंच म्हणत. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत त्याचे भेद, उल्लेख, अंशुमर्दन व अपसव्य असे चार प्रकार सांगितले, आणि कोणता ग्रह हरला असतां कोणत्या लोकांस पीडा होते, याची यादीहि दिली. सूर्यसिद्धान्तांत जयपराजयाचीं लक्षणें आहेत: निस्तेज व लहान दिसेल तो पराजित; शुक्र मात्र बहुधा जिंकणारा. तेव्हां आमच्या वृद्ध स्नेह्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्याच्यामागें दीड हजार वर्षांचें शास्त्र होतें. त्या शास्त्राच्या कसोटीनें पाहिलें तर तेजस्वी गुरु जिंकला, मंद शनि हरला.

परंतु त्याच सूर्यसिद्धान्ताचा कर्ता तें प्रकरण संपवितांना सांगतो कीं, ही लोकांच्या शुभाशुभासाठीं दाखविलेली कल्पना होय. ग्रह एकमेकांपासून दूर राहूनच आपापल्या मार्गानें जात असतात. किती दूर, तें आज आपणांस ठाऊक आहे. त्या सायंकाळीं एकमेकांस टेकल्यासारख्या दिसणाऱ्या गुरु व शनि यांच्यामध्यें सुमारें ७३ कोटी किलोमीटरांचें अंतर होतें.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तर अधिक अवघड. त्या युद्धास साल नाहीं. त्यावरील श्रद्धेस मात्र सालें आहेत. तारेस झालेला पुत्र बुध, बुधाचा पुरूरवा, त्याच्या वंशांत ययाति आणि ययातीचा पुत्र यदु. देवगिरीचे यादव आपलें कुळ या यदूपर्यंत नेत, आणि त्यांचा मंत्री हेमाद्रि यानें व्रतखंडाच्या राजप्रशस्तींत त्यांची वंशावळ चंद्रापासून सुरू केली. हा आमचा बालाघाटाचा मुलूख त्याच राज्यांतला. आमच्याच जिल्ह्यांत अंबेजोगाईस यादवांचा सेनापति खोलेश्वर याचे शिलालेख आहेत. याच यादवांच्या पदरीं भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीच्या अध्ययनासाठीं चाळीसगांवाजवळ पाटण येथें स्थापिलेल्या त्याच्या मठाचा १२०७ मधील शिलालेख प्रसिद्ध आहे. चंद्रापासूनची वंशावळ आणि चंद्राच्या गतीचें गणित, दोहोंसहि एकाच राज्यांत आश्रय होता. एक राजाच्या प्रतिष्ठेसाठीं, दुसरें ग्रहण वेळेवर सांगण्यासाठीं. पण १२९६ त अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तेव्हां वंशावळ कामीं आली नाहीं, आणि १३१८ पर्यंत तें राज्यच लयास गेलें. कल्पित इतिहासाचें बळ सिंहासनाची शोभा वाढविण्याइतकें असतें. सिंहासन राखण्याइतकें नसतें.

मग ही कथा टाकून द्यावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. साल सोडून तिच्याकडे पाहिलें तर तिच्यांत एक खरी गोष्ट दिसते. युद्धाचें नांव तारेचें; पण युद्धापूर्वीं, युद्ध चालू असतां किंवा तह करतांना तिचें मत कोणीं विचारल्याचें विष्णुपुराण सांगत नाहीं. ती परत आली तेव्हां गर्भवती होती. दुसऱ्याचें मूल आपल्या घरीं नको, असें बृहस्पति म्हणाला. पुत्र तेजस्वी निघाला, तेव्हां सोम आणि बृहस्पति दोघेहि त्याची अभिलाषा धरूं लागले. मग मात्र सर्व देव तिला विचारावयास जमले, तेंहि 'मूल कोणाचें' एवढेंच. ती लाजेनें बोलेना. तेव्हां तें मूलच तिला शाप द्यावयास निघालें! शेवटीं ब्रह्मदेवानें विचारलें आणि तिनें एका शब्दांत सांगितलें, "सोमाचा." सबंध युद्धांत ऐकूं येणारें तिचें बोलणें तें एवढेंच.

दोन घराण्यांच्या मानापमानांत जिच्यावरून भांडण पेटतें तिलाच शेवटीं विचारावें, आणि तेंहि उलटतपासणीसारखें, हा प्रकार पुराणाबरोबर संपला असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. माळावरून परततांना त्या मुलास आम्हीं सांगितलें कीं, या युद्धाचें साल कोणत्याहि पंचांगांत मिळणार नाहीं. आजोबा पुढें चालले होते, ते थांबून म्हणाले, "आणि त्या बाईला कुठं राहायचं होतं, तें?" त्याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें, आणि पुराणांतहि तें नाहीं.