स्वयंचालन आणि स्पोर्ट्‌स मोटारीची घडण

१९४७ या एकाच वर्षी मोटारीच्या इतिहासात दोन घटना घडल्या. अमेरिकेत फोर्ड कंपनीने ‘ऑटोमेशन’ हा नवा शब्द योजून त्या नावाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. आणि इटलीत, मोडेनाजवळच्या मारानेल्लो या गावी, एन्झो फेरारी यांची स्वतःच्या नावाची पहिली मोटार, ‘१२५ एस’, तयार झाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध जुळण्यास मात्र काही दशके जावी लागली. हा विलंब का झाला, आणि संबंध जुळल्यावर कारागिराच्या विद्येचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

फोर्डच्या स्वयंचालनाचा अर्थ मर्यादित होता. इंजिनाचा ठोकळा एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे मनुष्याचा हात न लागता जावा, एवढाच त्याचा आशय. १९५१ मध्ये क्लीव्हलंड येथे सुरू झालेला इंजिनांचा कारखाना हे या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु अशी यंत्रमालिका एकाच भागासाठी बांधलेली असे. तिचा खर्च लक्षावधी नगांवर विभागला गेला तरच ती परवडे. उलटपक्षी, फेरारीच्या ‘२५० जीटीओ’ या विख्यात मोटारीचे १९६२ ते १९६४ या काळात अवघे ३६ नग निघाले. छत्तीस नगांसाठी प्रचंड पोलादी साचे आणि यंत्रमालिका उभारणे व्यवहार्य नव्हते. स्पोर्ट्‌स मोटार हातांनी घडत राहिली, याचे पहिले कारण कलाप्रेम नसून हिशेब हे आहे.

हे हात ज्यांचे, त्यांना इटालियन भाषेत ‘बात्तिलास्त्रा’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘पत्रा ठोकणारा’. सेर्जो स्काल्येत्ती यांनी १९५१ मध्ये मोडेना येथे काढलेल्या कारखान्यात हे कारागीर वाळूच्या पिशव्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून हातोडीने त्याला गोलाई आणीत. प्रमाण डोळ्यात असे आणि माप हातात. परिणामी एकाच नमुन्याच्या दोन मोटारीही तंतोतंत सारख्या नसत. ही विद्या बहुतांशी अलिखित होती. शिकाऊ मुलगा ती उस्तादाशेजारी उभा राहून शिके.

हे चित्र पालटले ते दुसऱ्या प्रकारच्या स्वयंचालनामुळे. १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्‌स तंत्रविद्या संस्थेत अंकांच्या आज्ञेने चालणाऱ्या कर्तनयंत्राचे प्रात्यक्षिक झाले. १९६१ मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव तप्त ओतीव भाग उचलू लागला. या यंत्रांचे वैशिष्ट्य असे, की काम बदलले तरी यंत्र बदलावे लागत नाही. आज्ञावली बदलली की पुरे. थोड्या नगांच्या उत्पादनास यंत्राचे दार प्रथम उघडले ते येथे. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आला. चेक भाषेतील ‘रोबोता’ म्हणजे आपली वेठ. वेठीचे काम यंत्राकडे आणि कौशल्याचे माणसाकडे, अशी वाटणी या व्युत्पत्तीवरून अपेक्षिली जाते. प्रत्यक्षात ती तशी झाली नाही.

मारानेल्लोच्या कारखान्यातील ‘रोमिओ’ आणि ‘ज्युलिएट’ या दोन यंत्रमानवांचे काम पाहावे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून आकुंचित केलेले झडपेच्या बैठकीचे कडे ते सिलिंडर हेडात बसवितात; कडे पूर्वतापमानास येताच प्रसरण पावून घट्ट होते. ही वेठ नव्हे, अत्यंत नाजूक काम आहे. १९९९ च्या ‘३६० मोडेना’ या मोटारीचा सांगाडा आल्कोआ कंपनीच्या सहकार्याने ॲल्युमिनियमचे ओतीव व दाबून काढलेले भाग जोडून सिद्ध झाला. तेथे प्रत्येक भाग दुसऱ्यासारखा असणे अनिवार्य होते. चामड्याची शिलाई आणि इंजिनाची जुळणी यांत मात्र हात टिकून राहिला. म्हणजे कामाची विभागणी अवघड व सोपे अशी न होता, एकसारखेपणा हवा तेथे यंत्र आणि निवड वा पारख हवी तेथे माणूस, अशी झाली.

भाषेच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया परिचित वाटेल. बोली लिपिबद्ध होते तेव्हा तिला स्थैर्य आणि प्रसार लाभतो. पण बोलणाऱ्यागणिक असणारा भेद लोपतो. बात्तिलास्त्राचे ज्ञान अंकांत उतरले, तेव्हा असेच घडले. लाभ लहान नव्हे: २०२३ मध्ये फेरारीने १३,६६३ मोटारी ग्राहकांकडे रवाना केल्या, आणि त्यांचे भाग एकमेकांच्या जागी बसू शकतात. हानीही खरी आहे. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने ‘२५० जीटीओ’ला कलाकृती म्हणून मान्यता दिली. त्या आकाराला आज कायद्याचे संरक्षण आहे. तो ज्या हातांनी आला त्यांची विद्या मात्र कोणत्याही न्यायालयाला जतन करता येत नाही. ती शिकणारा कोणी शेजारी उभा असेल, तरच ती टिकते.