जुहू बेट होतं तेव्हा

अमावास्येच्या पहाटे निघा. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी पुरतं उतरत नाही, आणि आपल्याला तर खाडी पायी ओलांडायची आहे. साल 1850. माहीमचा पूल होऊन पाचच वर्षं झालीत. त्यावरून वांद्र्याला आलात, तिथून शेतांच्या कडेने पार्ल्यापर्यंत. पुढे रस्ता संपतो. समोर चिखल आणि पलीकडे माडांची लांबट रेघ. ते जुहू.

वहाणा हातात घ्या. पोटरीपर्यंत रुताल. तिवरांच्या मुळांशी निवट्या टुणटुण उडतायत. मासाच तो, पण पाणी उतरलं म्हणून त्याचं अडत नाही. ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. बोटाच्या पेराएवढे खेकडे एकच मोठा नांगा हलवून माद्यांना बोलावतायत. पाय उचला, भरती लागायच्या आत पोचायचंय.

बेट म्हणजे वाळूचा दांडा. भंडारी माडावर चढलाय. मडक्यातल्या माडीत वटवाघळांनी रात्रीच आपला वाटा घेतलेला. पश्चिमेच्या खडकांत डबकी साचलीयत. रिकाम्या शंखांत बिऱ्हाड थाटलेले खेकडे, बोट लावताच मिटणारी समुद्रफुलं. आणि तो दगड? नीट बघा, त्याला डोळा आहे. ऑक्टोपस.

आता कोळ्याच्या होडीत बसा आणि थोडं आत गेल्यावर मागे वळून बघा. अंधेरीकडचा काळा डोंगर दिसतोय ना, ज्याच्या उरलेल्या सुळक्याला आज गिल्बर्ट हिल म्हणतात? त्याच्यावर नजर ठेवून मागे जा. सुमारे सहा कोटी वर्षं.

समुद्र नाही, जुहू नाही. भेगांतून लाव्हा वाहतोय. तो थिजताना आकसून तडकतो आणि त्याचे उभे बहुकोनी खांब होतात, पेन्सिलींच्या जुडीसारखे. दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात तळी साचतात, त्यांत चिमुकले बेडूक. त्यांचीच हाडं पुढे वरळीच्या टेकडीत सापडली. 1847 साली ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन केलं. इथून उत्तरेला कितीही चाला, आशिया लागणार नाही. अख्खा भारतच तेव्हा हिंदी महासागरातलं एक बेट आहे. ज्या उष्ण स्रोताने हा सगळा लाव्हा ओतला असं मानतात, तो आज रेयुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून पेटतो.

परत या. खाडी बुजलीय, विमानतळ झालाय, आणि भेळेच्या गाड्यांपाशी लोक समुद्राकडे पाठ करून उभे आहेत. खडकांवरची वस्ती मात्र उठलेली नाही. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी 2017 पासून ओहोटीच्या वेळी लोकांना ती दाखवायला नेतात. पुढच्या अमावास्येला तुम्हीही जा. दगड उचलून पाहिलात तर होता तसाच, त्याच बाजूवर परत ठेवा. खाली कोणाचं तरी घर असतं.